सुमारास

क्लायपेदाच्या धक्क्यावर, सात नंबरच्या क्रेनमध्ये,
जमिनीपासून बेचाळीस मीटर वर,
जानेवारीत एक कुरव माझ्या काचेवर आदळला.
पांढरं काहीतरी. मग ठक्.
मग काचेत एक केस.

केसाएवढीच भेग होती तेव्हा.
खाली उतरले तर तो बर्फात पडलेला,
चोच किंचित उघडी, जांभई अर्ध्यावर राहिल्यासारखी.
तौत्विलासनं त्याला फावड्यावर उचललं
आणि मी नियमाप्रमाणे फॉर्म भरला.

आमचे पाळीप्रमुख झ्विर्ब्लिस.
आमच्या भाषेत या आडनावाचा अर्थ चिमणी.
(हसायचं नसतं. अकरा वर्षं मी हसलेली नाही.)
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला:
"वेळ, 'पहाटे चारच्या सुमारास'?
सुमारास या रकान्यात बसत नाही, मिल्दा."
रकान्यात चारच चौकोन. मी ०४१२ लिहिलं.
"काल सुमारास होतं. आज बरं नेमकं आठवलं?"

दुसऱ्यांदा तारखेवरून परत.
पाळी सुरू झाली अकरा तारखेला,
पक्षी मेला बारा तारखेला,
मग हा अपघात कुठल्या दिवसाच्या खात्यात?
तिसऱ्यांदा साक्षीदार.
तौत्विलासनं पक्षी मेलेला पाहिला, आदळताना नाही,
म्हणजे तो साक्षीदार पक्ष्याचा, अपघाताचा नव्हे.
चौथ्यांदा शाई निळी.
पाचव्यांदा काय होतं आठवत नाही,
बहुतेक माझं अक्षर.

आणि फॉर्म मंजूर झाल्याशिवाय काच बदलायची नाही.

काच काही थांबली नव्हती.
भेग बोटभर झाली, वीतभर झाली,
उणे एकोणिसाच्या रात्री तिला फाटे फुटले
शाळेतल्या नकाशावरच्या नेमुनास नदीसारखे.
मी नदीच्या डाव्या काठावरून बघून कंटेनर उचलायची.
खाली पिवळ्या टोप्या हलायच्या.
त्यातली एक तौत्विलासची. कुठली, ते वरून कळायचं नाही.

आई म्हणाली, साहेबाला धुरावलेला ईल नेऊन दे.
नेला.
त्यांनी विचारलं, पावती?

मग एका रात्री जेवणाच्या सुट्टीत
मी नियमावली उलटीकडून वाचत आले.
कलम बत्तीस:
प्रमुखाने घटनास्थळाची स्वतः पाहणी करावी.
त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारून
मी ती त्यांच्या टेबलावर उघडी ठेवली.
कागदी घोडे नाचवणाऱ्यालाही
कधीतरी मांड टाकावी लागते.

लिफ्ट बंद होती.
(लिफ्टचाही फॉर्म होता. तोही त्यांच्याकडेच.)
दोनशे एक पायऱ्या. मी पुढे, ते मागे.
सत्तराव्या पायरीला नियम संपले,
सव्वाशेला त्यांचा श्वास,
मग नुसता कठड्यावर हातमोज्यांचा आवाज.
खाडीवरून वारा येत होता, अख्खी क्रेन
दात दुखणाऱ्या माणसासारखी कण्हत होती.

केबिनमध्ये ते माझ्या खुर्चीत बसले.
काचेकडे पाहिलं. मग काचेतून खाली, टोप्यांकडे.
बराच वेळ.
"तुम्ही यातून बघता?"
"डावीकडून," मी म्हणाले.

त्यांच्या पेनातली शाई गोठली होती.
मी कानावरची पेन्सिल दिली.
चार चौकोनांवरून, रेघा ओलांडून त्यांनी लिहिलं:
चारच्या सुमारास.
खाली सही. सहीला थंडी वाजत होती.

टोमणा माझ्या जिभेवर आला होता.
पण उतरायच्या दोनशे एक पायऱ्या बाकी होत्या
आणि त्यांनी माझी बाही धरली होती.

आठ दिवसांनी विल्न्युसहून फॉर्म परत आला.
पेन्सिल ग्राह्य नाही.

त्यांनी मला बोलावलं. चहाचा पेला पुढे सरकवला.
नवा कोरा फॉर्म घेतला, घेऊन तसाच बाजूला ठेवला,
काच उद्या येते आहे म्हणाले, कुणाच्या सहीनं ते बोलले नाहीत.
आणि चष्मा काढून विचारलं,
"पक्षी नेमका कुठून आला होता हो?"

असा कुठला रकाना त्या फॉर्मवर नाही.

"समुद्राकडून," मी सांगितलं.
"उजेडाकडे बघत असावा."